आधी कीर्द, मग खतावणी

"अरे, तुझं टेबल मोडलंय म्हणतंय. सुताराला बोलावू का?"

२००८ चा उन्हाळा. फोनवर आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. त्यांच्या देवघेवीच्या टेबलावर मी हौसेनं एक प्रोग्रॅम बसवून दिला होता. कोणी कुठलं पुस्तक नेलं, कधी आणलं, वर्गणी किती थकली, एवढंच काम. पडद्यावर इंग्रजीत आलेलं वाक्य बाईंनी सरळ वाचलं होतं: सभासदांचं टेबल (कॉम्प्युटरमधली नोंदींची यादी) क्रॅश झाल्याची नोंद आहे, ते दुरुस्त करावं. बाईंना थट्टा करायची होती की खरंच सुतार बोलवायचा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

मोडलं ते लोडशेडिंगमुळे. तेव्हा वीज जाणं ही बातमी नव्हती, वेळापत्रक होतं. यूपीएसची बॅटरी चार मिनिटं टिकायची, तीही तिची मर्जी असली तर. बाई पुस्तकाचा क्रमांक टाइप करत असताना पंखा मंदावायचा, पडदा काळा व्हायचा आणि वाचक रांगेतून म्हणायचे, "गेली." वीज परत आली की कॉम्प्युटर सुरू, प्रोग्रॅम सुरू, आणि चार-आठ दिवसांतून एकदा ते मोडलेलं टेबल. मी पुण्याहून फोनवर दुरुस्तीची आज्ञा एकेक अक्षर सांगायचो, बाई टाइप करायच्या, टेबल जुळायचं. शेवटच्या दोन-तीन नोंदी मात्र कधी असायच्या, कधी नसायच्या.

डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवून ठेवणारी यंत्रणा, होता मायएसक्यूएल. त्या काळात आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. सीडीवरून पंधरा मिनिटांत बसतं, फुकट आहे, शिकवणारे लेख ढिगानं. स्वीडनमध्ये १९९५ साली मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन यांनी ते उभं केलं. त्यातलं 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' नव्हे, विडेनियसच्या मुलीचं नाव. (मधली कंपन्यांची खरेदी-विक्री उरकून २०१० मध्ये ते ओरॅकल या कंपनीच्या हाती गेलं. त्याच्या आदल्या वर्षीच विडेनियसनं त्याच कोडची दुसरी शाखा काढली होती आणि धाकट्या मुलीच्या नावावरून तिला मारियाडीबी म्हटलं. वाचनालयाच्या कार्यकारिणीला यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. त्यांची शंका एकच होती: फुकटचं टिकतं का?)

ती शंका मी तेव्हा हसण्यावारी नेली. टेबल तिसऱ्यांदा मोडल्यावर मात्र हसू येईना.

माझे वडील, नाना, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. तीसेक वर्षं लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत घालवलेला माणूस. एका सुट्टीत मी त्यांना ही मोडलेल्या टेबलाची गोष्ट करमणूक म्हणून सांगितली. नाना हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझं मशीन लिहितं कसं? आधी कुठं लिहितं?"

म्हटलं, "कुठं म्हणजे? सभासदाच्या नावावर पुस्तक चढवतं."

"थेट खात्यावर? कीर्द लिहीतच नाही?"

दिवाणजीच्या कामाची रीत अशी. दुकानात जे घडेल ते घडेल त्या क्रमानं रोजकीर्दीत उतरवायचं. अमक्या शेतकऱ्याला उचल दिली, तमक्या व्यापाऱ्याचे पैसे आले, हमाली गेली. तिथं मांडणी नाही, सजावट नाही, एकाखाली एक नोंद. मग संध्याकाळी गर्दी ओसरली की तीच कीर्द समोर ठेवून खतावणी लिहायची. तिथं प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाचं पान वेगळं, आणि प्रत्येक रकमेशेजारी कीर्दीचा पान क्रमांक. कीर्द कुठवर खतवली तिथं नाना लाल शाईची खूण करायचे. खतवता खतवता वीज गेली, पाहुणे आले, कोणी मेलं, तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी लाल खुणेपासून पुढं सुरू करायचं. खतावणी वाळवीनं खाल्ली तरी कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. कीर्दच नसेल तर मात्र अर्धवट खतवलेल्या पानाकडं बघून काय झालं, काय राहिलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

माझ्या मायएसक्यूएलचं नेमकं हेच होत होतं. त्यात टेबलं ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या, त्यांना इंजिनं म्हणतात. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर मायआयसॅम नावाचं इंजिन मिळायचं, आणि ते कीर्द न लिहिता थेट खातं लिहायचं. मजकुराची फाइल वेगळी, अनुक्रमणिकेची वेगळी. दोन्हींच्या मध्ये वीज गेली की त्यांचं आपसात जुळायचं नाही, आणि बाईंना सुतार आठवायचा. त्याच डब्यात इनोडीबी नावाचं दुसरं इंजिनही होतं, आणि ते रीतसर कीर्द लिहिणारं होतं. पण ते मागून घ्यावं लागायचं. न मागता मिळायला २०१० ची ५.५ आवृत्ती उजाडावी लागली.

त्या संध्याकाळी मी घरच्या कॉम्प्युटरवर एकेका ओळीच्या आज्ञेनं सगळी टेबलं इनोडीबीत हलवली आणि नानांना भिंतीच्या बटनापाशी उभं केलं. मी नोंदी टाकतोय, नाना मनात येईल तेव्हा बटन बंद करतायत. सात-आठ वेळा केलं. दर वेळी मशीन उठलं, कीर्द वाचली, राहिलेलं खतवलं, जे पुरं झालं नव्हतं ते पुसलं. कॉम्प्युटरच्या तब्येतीला हा प्रयोग चांगला नाही, पण नानांना मजा येत होती. "आता लिहितंय बरोबर," एवढंच म्हणाले आणि चहाला उठले.

ही कीर्दीची युक्ती आज बहुतेक सगळ्या भरवशाच्या डेटाबेसमध्ये आहे. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकरनं १९८६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढं पोस्टग्रेस्क्यूएल या जीभ वळत नाही अशा नावानं वाढलेल्या डेटाबेसमध्ये ती २००१ साली ७.१ आवृत्तीत आली. म्हणजे इतकी नावाजलेली यंत्रणा, आणि तिलाही पंधरा वर्षांनी सुचलं. आमच्या अडत्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

वीज जाण्याचा प्रश्न मिटला तसा दुसरा निघाला. बाईंना सभासदांची नावं मराठीत हवी होती. मी टायपिंगची सोय करून दिली. बाईंनी उत्साहानं साठेक नावं मराठीत भरली, जतन केली, यादी उघडली. यादीत सगळीकडं ????? ???? ?????.

"सगळ्या सभासदांवर प्रश्नचिन्ह?" बाई म्हणाल्या.

मायएसक्यूएलमध्ये काही न सांगता मिळणारी लिपी होती लॅटिन, आणि अकारविल्हे लावायची रीत चक्क स्वीडिश. जन्मगावाची सवय. देवनागरी अक्षरं तिला ठेवता येत नव्हती, यात तिचा दोष नाही. पण ठेवता येत नाहीत हे तिनं सांगायला हवं होतं. ती "ठेवली" म्हणाली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं. साठ नावं गेली, परत आणायचा मार्ग नाही, कारण आत खरोखरच प्रश्नचिन्हं साठवलेली.

मी लिपी युनिकोड केली, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालतील अशी. मग एका सभासदाचं आडनाव गायब झालं. नावाची जागा मी वीस अक्षरांची ठेवली होती. आता 'ज्ञानेश्वर' हे नाव तुम्ही-आम्ही चार अक्षरी म्हणू. कॉम्प्युटर मात्र ज, पायमोड, ञ, काना असं मोजत दहावर जातो. मग एक मोकळी जागा. वडील विश्वनाथ, ते आठ. आणखी एक मोकळी जागा. झाले वीस. आडनावाला उंबऱ्याबाहेरच थांबावं लागलं. या वेळीही मायएसक्यूएलनं हूं की चूं केलं नाही. म्हणजे एक इशारा ठेवला होता, पण तो मागितला तर दिसणारा. फेब्रुवारीची तीस तारीख दिली तर शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस अशी तारीख लिहून मोकळं. अशा गोष्टींना सरळ नकार देणं ही तिथं न मागता मिळणारी वागणूक झाली २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून.

माझं डोकं फिरलं ते इथं. मोडलेलं टेबल निदान दिसतं तरी. पण सगळ्याला हो म्हणणारा आणि मागून हवं तसं लिहिणारा दिवाणजी? नाना म्हणाले असते, त्याला कामावर ठेवू नये. आणि गंमत अशी की मायएसक्यूएल वापरायला सोपं वाटायचं ते याच स्वभावामुळे. नवशिक्याच्या चुकांवर ते कधी अडून बसायचं नाही. आमचा प्रोग्रॅम पहिल्या दिवशी चालला, याचं श्रेय माझ्या हुशारीला नसून त्याच्या भिडस्तपणाला होतं.

पोस्टग्रेस, म्हणजे ते वर सांगितलेलं पोस्टग्रेस्क्यूएल, मी नोकरीत शिकलो, आणि पहिले पंधरा दिवस शिव्या दिल्या. आत शिरायलाच देईना. पासवर्ड बरोबर, तरी तुमची ओळख पटत नाही म्हणे. कोणी कुठून कसं यायचं याची एक वेगळी फाइल असते, ती उघडून दुरुस्त करा. एकदा शिरलो तर बाहेर पडता येईना. 'एक्झिट' लिहा, 'क्विट' लिहा, तो ढिम्म. उलटी तिरकी रेघ आणि क्यू लिहायचं असतं हे कळेपर्यंत मी खिडकीच बंद करून टाकायचो. (साधं 'क्विट' आणि 'एक्झिट' समजायला त्यांना २०१८ ची अकरावी आवृत्ती लागली. विद्वानांच्या घरी असंच असतं. ग्रंथ भरपूर, पण दाराला कडी कुठं ते पाहुण्यानं शोधायचं.) विंडोजवर थेट बसण्याची सोयसुद्धा २००५ पर्यंत नव्हती. एका मोठ्या आवृत्तीवरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाणं हे आजही घर बदलण्याइतकं नसलं तरी घर रंगवण्याइतकं काम आहे.

पण वीस अक्षरांच्या जागी एकविसावं दिलं की तो थांबतो. "मावत नाही." तीस फेब्रुवारी? "अशी तारीख नसते." नोंद घेतच नाही. राग येतो, मग सवय होते, आणि मग एके दिवशी लक्षात येतं की आपण महिनोन्‌महिने यादी तपासलेलीच नाही, कारण आत चुकीचं काही शिरलं असेल अशी भीती राहिलेली नाही.

नानांना आवडली असती अशी आणखी एक खोड त्याच्यात आहे. नोंद बदलली तरी तो जुनी पुसत नाही. नवी वेगळी लिहितो, जुनी तशीच ठेवतो, कारण कोणी तरी त्याच क्षणी जुनी वाचत असेल. कोणालाच लागत नाही अशी खात्री पटली की नंतर झाडू मारणारा येऊन उचलतो. दिवाणजीही खाडाखोड करत नाहीत. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, बाजूला नवा आकडा, खाली सही. हा झाडू पूर्वी माणसानं आठवणीनं फिरवावा लागायचा. २००८ पासून आपोआप फिरतो. तो कोणी बंद केला तर मात्र घर कचऱ्यानं भरतं, आणि फारच दिवस झाडू फिरला नाही तर पोस्टग्रेस नव्या नोंदी घेणंच बंद करतो. तिथंही नकारच.

याचा अर्थ तो चुकत नाही असा नव्हे. २०१८ मध्ये जे उघडकीला आलं ते वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो. गोष्ट अशी. प्रोग्रॅमनं फाइलीत काही लिहिलं की कॉम्प्युटर "लिहिलं" म्हणतो, पण प्रत्यक्षात स्वतःच्या खिशात ठेवतो. सवडीनं डिस्कवर टाकतो. दुकानातल्या पोऱ्याला पत्रं पेटीत टाकायला द्यावीत आणि त्यानं ती खिशात घालून फिरावं तसं. म्हणून डेटाबेस त्याला एफसिंक नावाची हाक मारून विचारतो: टाकलंस ना पेटीत? तो "टाकलं" म्हणाला की मगच पुढं. आता पेटीच फुटलेली असली तर? लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीतला पोऱ्या एकदा सांगायचा, "नाही टाकता आलं." आणि ते पत्र टाकलेल्यांत जमा करायचा. डेटाबेसनं थोड्या वेळानं पुन्हा विचारलं की म्हणायचा, "सगळं टाकलं." खिशात काही उरलेलं नसल्यामुळे ते एका अर्थी खरंही होतं! पोस्टग्रेस त्या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवून कीर्दीची जुनी पानं निकालात काढायचा. सुमारे वीस वर्षं हे असं चाललं होतं.

क्रेग रिंगर या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या माणसानं हे सगळ्यांपुढं मांडलं. मग डेटाबेसवाले आणि लिनक्सवाले यांच्यात कोणाचं चुकलं यावर भरपूर वादावादी. २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या दुरुस्तीनंतर पोस्टग्रेस पहिल्या नकारालाच हात वर करतो: स्वतःला बंद पाडतो आणि उठून कीर्द शेवटच्या खुणेपासून पुन्हा वाचतो. पोऱ्याला दुसऱ्यांदा विचारणंच सोडलं. हे सगळं मी, सांगली जिल्ह्यातला एक कोणीतरी, शब्दन्‌शब्द वाचू शकत होतो. कोण काय म्हणालं, कोणी मान्य केलं, कोणी हट्ट धरला. कार्यकारिणीच्या त्या सदस्यांना मी आता उत्तर देऊ शकलो असतो. फुकट आहे म्हणून टिकतं असं नाही, काका. चोपडी उघडी असल्यामुळे चूक लपत नाही, म्हणून टिकतं. ते तेव्हा हयात नव्हते.

वाचनालयात मात्र मी पोस्टग्रेस नेला नाही. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक बाई. तिथं सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून नोंदी सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम, कशाला? २०१३ मध्ये नवं मशीन आलं तेव्हा मी सगळं एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसवर हलवलं. याचा कर्ता रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका प्रोग्रॅमवर काम करत होता. डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की त्याचा प्रोग्रॅम हतबल व्हायचा, आणि बोल मात्र प्रोग्रॅमला लागायचा. म्हणून २००० मध्ये त्यानं सर्व्हरच नसलेला डेटाबेस लिहिला. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. बसवायचं काही नाही, पासवर्ड नाही, सांभाळणारा माणूस नाही. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो आहे, तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप त्यातच असतात. त्याच्या कोडवर मालकी हक्क कोणाचाच नाही. परवान्याच्या जागी चांगलं वागा, माफ करा, घेता त्याहून कमी देऊ नका अशा अर्थाचा आशीर्वाद आहे. इतक्या साध्या गोष्टीमागं कष्ट किती, तर २०२३ च्या एका आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा आणि चाचण्यांचा कोड त्याच्या ५९० पट. मी आणि नानांनी भिंतीच्या बटनाशी जे केलं ते ही मंडळी खोटीखोटी वीज घालवून अगणित वेळा करत असतात.

एक किस्सा सांगायलाच हवा. एका अँटिव्हायरस कंपनीनं एसक्यूलाइट वापरलं, आणि लोकांच्या कॉम्प्युटरवर त्या नावाच्या तात्पुरत्या फायली दिसू लागल्या. लोक नाव शोधून, फोन नंबर मिळवून, कर्त्यांना मध्यरात्री झोपेतून उठवून तक्रार करायचे. शेवटी त्यांनी फायलींच्या नावात ते नाव उलटं लिहायला सुरुवात केली. कोड लिहिणाऱ्याला ते उलटं वाचता येईल, रागावलेल्याला सुचणार नाही! बाईंचा फोन यायचा तेव्हा मला ही युक्ती आठवायची.

एसक्यूलाइटच्या सोपेपणालाही काटे आहेत. आकड्याच्या रकान्यात अक्षरं दिली तर तो घेतो. आणि ती एकच फाइल, ती कायम एकच नसते. मी त्याची कीर्द लिहिण्याची नवी पद्धत चालू केली होती. तीत ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फायलीत साठतात आणि बऱ्यापैकी साचल्या की मुख्य फायलीत उतरतात. छोट्या वाचनालयात त्या साचायला कित्येक दिवस लागतात. मी बाईंना सांगितलं होतं, "रोज ही फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची." ही. एकच. प्रोग्रॅम चालू असताना घेतली तर काय, हे सांगायचं राहिलं. आणि बाई प्रोग्रॅम कधी बंदच करत नव्हत्या.

२०१६ च्या पावसाळ्यात डिस्क गेली. पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली, अगदी धडधाकट. फक्त तिच्यात शेवटचे नऊ दिवस नव्हते. मी शेजारच्या फायलीला विसरलो होतो. म्हणजे खतावणीची नक्कल रोज होत होती आणि कीर्द मशीनसोबत गेली होती. (पुढं जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या लोकांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसानं चुकून चालू डेटाबेस उडवला, आणि रोजच्या नकला बऱ्याच दिवसांपासून होतच नव्हत्या असं निघालं. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत सापडली म्हणून वाचले. त्यांनी ते सारं जाहीर सांगितलं. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करतो.)

मी गावी आलो, बाईंसमोर उभा राहिलो आणि नऊ दिवस गेले म्हणून सांगितलं. बाईंनी खण ओढला आणि एक दोनशेपानी वही काढली. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक, दिलं की आलं. एकाखाली एक, पेन्सिलीनं, आठ वर्षांची. ही पाचवी वही.

"बाई, हे कधीपासून?"

"तुझं टेबल पहिल्यांदा मोडलं तेव्हापासून."

मग दोन दुपारी आम्ही तेच केलं जे पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट अंधारातून उठल्यावर करतात. पेन ड्राइव्हवरची शेवटची नोंद शोधली, वहीत तिच्याशेजारी मी लाल खूण केली, आणि बाई तिथून पुढं वाचत गेल्या. "तीनशे बारा. चौदाशे सहा. आलं. पुढचं." मी टाइप करत होतो. मधे वीज गेली. बाईंनी वहीवर बोट ठेवलं आणि ती येईपर्यंत उचललं नाही.